भूजलशास्त्राचा प्राध्यापक हवा आहे (अर्ज सात प्रतींत)

अभिनंदन! मुंबईतल्या एका नामांकित विद्यापीठात ‘सहायक प्राध्यापक, भूजलशास्त्र व शाश्वत जलव्यवस्थापन’ हे पद निघालं आहे. पद एक. मूळ वेतन ५७,७०० रुपये. आकडा वाचून लगेच पेढे आणू नका. हेच पद गेल्या वर्षीही निघालं होतं, मुलाखती झाल्या होत्या, त्यांत मीही होते, आणि पद अजून रिकामंच आहे. परवा तीच जाहिरात पुन्हा आली. काना-मात्रेचाही फरक नाही, फक्त शुल्क वाढलंय. तेव्हा यंदा नशीब आजमावायला निघालेल्या मंडळींसाठी हा मोफत सल्ला.

सगळ्यात आधी, योग्य विभागात जन्म घ्या. भूजल हा विषय भूशास्त्राचा आहे, स्थापत्यचा आहे, भूगोलाचा आहे, पर्यावरणशास्त्राचाही आहे. म्हणजे शिकवायचा असतो तेव्हा तो कुणाच्याही गळ्यात मारता येतो आणि नेमणूक करायची वेळ आली की तो कुणाचाच नसतो. जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ एवढंच लिहिलेलं असतं. संबंध आहे की नाही, ते छाननीच्या टेबलावर ठरतं. माझी पदवी भूशास्त्राची, पीएचडी बसाल्ट या काळ्या कातळातल्या भूजलावर. टेबलावरचे गृहस्थ प्रमाणपत्र उलटसुलट करत म्हणाले, “मॅडम, इथे हायड्रॉलॉजी मागितलंय, तुमचं जिऑलॉजी दिसतंय. समकक्षतेचं पत्र आणा.” ते पत्र कोण देतं, असं विचारलं. “ते तुम्ही बघा.”

अर्ज ऑनलाइन भरा. मग तो छापा. मग त्याच्या सात प्रती काढा, प्रत्येक पानावर सही करा, जोडपत्रं साक्षांकित करा, स्पायरल बाइंडिंग करा आणि स्पीड पोस्टानेच पाठवा. कुरिअर चालत नाही. शाश्वत व्यवस्थापनाची सुरुवात झेरॉक्सच्या दुकानापासून होते, हे लक्षात ठेवा.

अनुभवाच्या रकान्यात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैसे घेऊन, शिकवलेली वर्षं लिहा. धरणार नाहीत, पण लिहा.

आता गुणांकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमावलीत तक्ता दिलेला आहे. पीएचडीचे ३०, पदव्युत्तर पदवीचे जास्तीत जास्त २५, पदवीचे १५, ‘नेट’ या पात्रता परीक्षेचे ५, राज्याच्या ‘सेट’चे ३, शोधनिबंधाला प्रत्येकी २ आणि फार तर १०. मे महिन्याच्या उन्हात विहिरीच्या कठड्यावर पालथं पडून, टेप खाली सोडून पाण्याची पातळी मोजल्याचे शून्य. शेतकऱ्याचा पंप दिवसभर चालवून, दर काही मिनिटांनी पातळी किती उतरली याची नोंद ठेवल्याचेही शून्य. आणि हे सगळे गुण मोजून झाल्यावर त्याच नियमावलीत म्हटलंय की ते मुलाखतीला बोलावण्यापुरतेच. निवड फक्त मुलाखतीवर. म्हणजे तीस अधिक पंचवीस अधिक पंधरा हे सगळं दारापर्यंतचं भाडं.

शोधनिबंध कुठे छापून आणला, यालाही महत्त्व आहे. मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी यूजीसीने २०२५ मध्ये गुंडाळली, अर्जातला तिचा रकाना मात्र शाबूत आहे. फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी आज असता तर त्याचं काही खरं नव्हतं. जमिनीखालून पाणी कसं वाहतं याचा पहिला नियम त्याने १८५६ साली दिजोँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या अहवालात मांडला, तोही परिशिष्टात. छाननीवाल्यांनी विचारलं असतं, “नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक कुठाय?”

मुलाखतीला येताना पाण्याची बाटली आणा. कूलरवर ‘बंद आहे’ असा कागद असतो.

मुलाखतीच्या दिवशी लवकर पोचा आणि आवारात एक चक्कर मारा, अभ्यास होतो. मी मारली. पोर्चसमोर टँकर उभा होता, त्याच्या पाइपाच्या सांध्यातून पाणी गळत होतं आणि फरशीवरून ते सरळ गटाराकडे चाललं होतं. पुढे पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डा होता. खड्डा आहे हे पाटीवरून कळलं, कारण त्याच्या झाकणावर दोन स्कूटर लावल्या होत्या आणि कडेच्या जाळीत गुलमोहराच्या शेंगा गच्च अडकल्या होत्या. विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’च्या फॉर्मात जलसंधारणाच्या सोयींचा तक्ता असतो, त्यात खड्ड्याचा जिओटॅग केलेला फोटो लागतो. फोटो काढून झाला असणार. पाण्याला खाली जायचा रस्ता आहे की नाही, हे त्या तक्त्यात विचारलेलं नाही.

मग मुलाखत. समितीत विषयतज्ज्ञ असतात. विषय कोणता, हे विचारायचं नसतं. आमच्या वेळी एक तज्ज्ञ धरणांचे होते, दुसरे सांडपाण्याचे. पहिलाच प्रश्न आला, “मुंबईत भूजल कुठे असतं हो? आपल्याला तर भातसा धरणाचं पाणी येतं.” अशा वेळी हसायचं. “सर, अगदी बरोबर,” म्हणायचं आणि शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांकडे वळायचं. मी वळले नाही. तुम्ही वळा.

मी सांगत बसले. सर, चर्चगेटजवळ भिखा बेहरामची विहीर आहे. १७२५ साली खोदलेली, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोड. धोबीतलाव हे नाव काही आकाशातून पडलं नाही. मलेरियाच्या डासांपायी गावठाणातल्या विहिरी झाकायला आणि बुजवायला लावल्या म्हणून त्या दिसत नाहीत. खालचं पाणी कुणी घेऊन गेलेलं नाही. तुमच्या पोर्चमधला टँकर कुठे भरतो, सर? भातसावर? केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा परवाना नाही म्हणून पालिकेने विहिरींना नोटिसा दिल्या आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये टँकरवाले संपावर गेले, तेव्हा अख्ख्या शहराला अचानक भूजल आठवलं. संप मोडीत काढायला शेवटी आपत्ती व्यवस्थापन कायदा हातात घ्यावा लागला. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत ते पुरतं. वरून अर्धा मीटर उपसलंत की खालून खारं पाणी हळूहळू वीस मीटर वर सरकतं. हे गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. आणि एकदा खारावलेली विहीर पुढच्या पावसात गोडी होत नाही.

समितीतल्या एकांनी घड्याळ पाहिलं. धरणवाले म्हणाले, “बरं, प्रॅक्टिकल सांगा. बोअर कुठे मारायचा, दाखवता येईल? आमच्या आवारात मागच्या उन्हाळ्यात पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ धरला, उभा राहिला की झालं. दोनशे फुटांवर पाणी लागलं.”

लागणारच! आपल्याकडे महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभागाखाली दख्खनचा बसाल्ट आहे. वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत कुठे ना कुठे ओल सापडतेच. नारळ आडवा राहिला काय आणि उभा राहिला काय, पावसाळ्यानंतर बोअर मारला तर थोडं पाणी लागतंच. प्रश्न लागण्याचा नाही, मे महिन्यात टिकण्याचा आहे. झिजलेल्या बसाल्टच्या शंभर घनमीटरमधून हाती येतं एक ते तीन घनमीटर. एवढ्यावर तुमचं वसतिगृह, तुमची बाग आणि तुमचं अतिथिगृह किती दिवस चालेल, ते सांगायला नारळ नाही, माणूस लागतो. शेजारच्याने तुमच्याहून खोल बोअर मारला तर तुमचा आटतो. त्यासाठी राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधनं आहेत. तो अमलात आणायला नकाशे लागतात, मोजण्या लागतात, आकडे वाचता येणारी माणसं लागतात. ती माणसं कुठे तयार होणार? झेरॉक्सच्या दुकानात?

फील्डवर एकटीने जमेल का, हा प्रश्न शेवटी येतो. पुरुष उमेदवारांनी त्याची तयारी करायची गरज नाही.

यानंतरचा सल्ला मला उपरोधाने देता येत नाही. नंतर संकेतस्थळावर एक ओळ आली: ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’ मुलाखतीला आलेल्यांत परदेशात पोस्टडॉक करून परतलेला एक मुलगा होता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेबरोबर मराठवाड्यात वर्षानुवर्षं निरीक्षण विहिरी मोजलेली एक बाई होती. यातलं कुणीच योग्य नव्हतं? मग योग्य कोण? नारळवाला?

तुम्हाला प्राध्यापक नकोच आहे, हे सरळ सांगा ना. तुम्हाला जाहिरात हवी आहे. पद मंजूर झालंय हे फायलीत दाखवायचंय, शुल्क जमा करायचंय आणि शिकवायला तासिकेवरची पोरं आहेतच. सुट्टी लागली की त्यांचा पगार बंद. भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. तिथल्या झऱ्यांचा, विहिरींचा अभ्यास करायला या विद्यापीठातून लोकलने अर्ध्या दिवसात पोचता येतं. कुणी पाठवलं एखाद्या विद्यार्थ्याला? कोण पाठवणार, शिकवणारी खुर्चीच रिकामी ठेवलीत तर? आणि वर भाषणात म्हणता, तरुणांनी पाण्याच्या क्षेत्रात यावं. येतात हो तरुण. सात प्रती घेऊन येतात. तुम्ही त्यांना तहानलेलं दारात बसवता आणि एका ओळीत घालवून देता.

प्रत्येकात काय कमी पडलं, ते लिहा. नाव, निकष, कारण. आणि खाली समितीतल्या प्रत्येकाने सही करा. बघू, पेन कोण उचलतं ते.