परिचय आडवा आला

अर्थसंकल्पाच्या आठवड्यात वृत्तवाहिन्यांना पाहुणे कमी पडतात. मुंबई-दिल्लीचे नामवंत आधीच बुक झालेले असतात, मग आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या कर सल्लागारांचे फोन वाजू लागतात. "सर, 1 फेब्रुवारीला अकराला भाषण सुरू होईल, तुम्ही लाइव्ह याल का? पन्नास शब्दांत परिचय पाठवा. आणि फोटो. आडवा हवा, सर."

फोटो आडवा गेला. परिचय मात्र आडवा आला.

अडचण धंद्याचीच आहे. माझा जन्म गेला लोकांचं कमी दाखवण्यात. जुन्या करप्रणालीवाला अशील आला की 80सी कलमातल्या बचतीचे दीड लाख झाले का, घरभाड्याच्या पावत्या कुठायत, आईवडिलांचा आरोग्यविमा 80डी कलमात धरला का... कायद्यात बसेल तेवढी वजावट काढायची आणि उरेल ते दाखवायचं. परिचयात सगळंच उलटं. निव्वळ माणूस तिथे कोणालाच नको असतो, ढोबळ हवा असतो.

मी लिहिलं, 'हे आयकर विवरणपत्रे भरतात.' बायकोने चष्मा लावून वाचलं. "अहो, हा परिचय आहे की पोलिसात दिलेला जबाब?" मग तिनेच पेन घेतलं. 'सुपरिचित' घातलं. कोणाला, विचारलं तर म्हणाली, "दूधवाल्याला विचारा." ज्येष्ठ नागरिक संघात पेन्शनवरच्या करावर बोललो होतो, म्हणून 'व्याख्याते'. (चहा येईपर्यंत निम्मी सभा झोपली होती, ते शब्दमर्यादेत बसलं नाही.) दर जुलैत जिल्हा पुरवणीत '31 तारीख चुकवू नका' लिहितो, म्हणून 'स्तंभलेखक'. सरकार कधीकधी तारीखच पुढे ढकलतं आणि माझा स्तंभ तोंडावर पडतो, तो भाग वेगळा. शेवटी 'त्यांनी अनेकांना मार्गदर्शन केले आहे' असं स्वतःबद्दल स्वतःच लिहिताना मी खुर्चीत उगाच ताठ बसलो.

त्या दिवशी निवेदिकेने यातलं काहीच वाचलं नाही. पट्टीवर माझ्या नावाखाली एकच शब्द होता, 'अर्थतज्ज्ञ'. त्याखालून सोन्याचा भाव सरकत होता. मी बोललो दीड मिनिट, त्यातलं निम्मं "आवाज येतोय का सर?" यात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डातले एक जुने अडते, माझे अशील, फाइल घेऊन हजर. फाइल टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"साहेब, टीव्हीवर एवढं मोठं दाखवलंत. आता त्यावर कर किती बसणार?"