पेट्रोल ओतत राहिल्याने टर्बो इंजिन वाचत नाही

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. गाडी आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) थरथरते, ब्रेक मारून थांबलं की बंद पडते, आणि डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा वास येतो. मी विचारलं, नक्की काय काय केलंस? त्यावर त्याने तोच मेसेज पाठवला, जो त्याआधी मला चार जणांनी पाठवला होता आणि मी अर्धवट वाचून पुसला होता. तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं.

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीला मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) बसवले की ट्यूनरकडे जायची गरज नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपोआप शिकतो. शंका असेल तर फ्युएल प्रेशर वाढवा. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं वाइडबँड मीटर लीन (पेट्रोल कमी) दाखवत असेल तर आकडा खाली येईपर्यंत पेट्रोल वाढवत राहा, कारण ‘जितकं रिच (पेट्रोल जास्त) तितकं सेफ’. आयडल हलत असेल तर थ्रॉटलचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेचा) स्क्रू फिरवून आरपीएम १,२०० वर न्या. आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (पाय काढल्यावर टर्बोची जादा हवा सोडणाऱ्या झडपेची) हवा बाहेर सोडली तर फक्त आवाज बदलतो.

‘रिच तितकं सेफ’ हे वाक्य सगळ्यात जास्त पसरलंय आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पण पूर्ण बूस्टवर (टर्बो जास्तीत जास्त हवा कोंबत असताना) हा आकडा ११.५ ते १२ च्या आसपास ठेवतात. जादा पेट्रोलची वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषून घेतं आणि नॉकपासून (मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्यापासून) थोडं संरक्षण मिळतं. बूस्टमध्ये गाडी लीन गेली तर पिस्टन वितळू शकतो, हे खरंच आहे. पण हा नियम पूर्ण बूस्टचा आहे. मेसेज तो उचलून आयडलला लावतो आणि ‘जितकं तितकं’ म्हणून त्याची मर्यादाच काढून टाकतो.

आयडलला नेमकं काय बिघडतं ते पाहा. लॅम्बडा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. तेव्हापासून आजच्या वाइडबँडपर्यंत तत्त्व एकच राहिलं आहे: एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रणाचा अंदाज घ्यायचा. आता मिश्रण इतकं रिच झालं की प्लग भिजून एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर होऊ लागला, तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता तशीच बाहेर पडते. त्या हवेत ऑक्सिजन भरपूर असतो. सेन्सरला तो दिसतो आणि मीटर १६, १७ दाखवतं. मेसेज वाचलेला माणूस म्हणतो, लीन आहे, पेट्रोल वाढवा. तो वाढवतो, मिसफायर वाढतो, मीटर आणखी लीन दाखवतं, तो आणखी वाढवतो.

भावाने हेच केलं होतं. मीटर १६.५ दाखवत होतं म्हणून त्याने ईसीयूच्या पेट्रोलच्या टेबलमध्ये आयडलच्या खान्यांत आधी १० टक्के घातले, मग आणखी १०. चारही प्लग काढले तेव्हा काजळीने काळे आणि ओले होते. लीन चालणाऱ्या इंजिनाचे प्लग असे दिसत नाहीत. एवढं एक पाहिलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

मीटर आयडलला खोटं बोलण्याची आणखी कारणं आहेत. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडात बारीक गळती असेल तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते. मोठे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) असतील तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, जळलेला वायू पुन्हा आत शिरतो, मिश्रण नीट जळत नाही आणि थोडी हवा न जळता एक्झॉस्टमध्ये निघून जाते. म्हणून आयडलला मीटर एकटं पाहायचं नसतं, सोबत मॅनिफोल्ड प्रेशर (थ्रॉटलच्या पुढे, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) पाहायचं. पेट्रोल ५ टक्के कमी करा. इंजिन शांत झालं आणि मॅनिफोल्ड प्रेशर खाली आलं, तर गाडी रिच होती, मीटर काहीही म्हणो.

आणि ‘सेफ’ म्हणजे कोणासाठी? न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. तेच पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला जातं, जिथे शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. उरलेलं पेट्रोल मिसफायरमधल्या ऑक्सिजनसोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवतं. टर्बो वाचवायला म्हणून ओतलेलं पेट्रोल टर्बोलाच मारतं, याचा मला राग येतो.

‘ईसीयू आपोआप शिकतो’ या दाव्याला उत्तर द्यायला इंजेक्टरचं तांत्रिक पत्रक पुरेसं आहे. चांगल्या इंजेक्टरसोबत ते मिळतं, आणि त्यात बॅटरीच्या व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता असतो. डेड टाइम म्हणजे करंट मिळाल्यापासून इंजेक्टर खरोखर पेट्रोल सोडू लागेपर्यंत वाया जाणारा वेळ. १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज पडलं की वाढतो. आता हिशेब करा. दुप्पट मोठ्या इंजेक्टरला आयडलला प्रत्यक्ष पेट्रोल सोडायला समजा ०.८ मिलिसेकंद लागतात. तक्त्यात ०.२ ची चूक असेल तर आयडलला २५ टक्के फरक पडला. तीच चूक पूर्ण बूस्टवर १० मिलिसेकंदांच्या पल्समध्ये (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळात) फक्त २ टक्के. म्हणजे आयडलची चूक टक्केवारीने भरून काढायची गोष्टच नाही, ती तक्त्यातच दुरुस्त करावी लागते. रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट लागले की आयडल डळमळतं, त्याचं कारणही बऱ्याचदा याच तक्त्यात असतं.

शिवाय ईसीयूच्या शिकण्याला मर्यादा असते, बहुतेक गाड्यांत साधारण २५ टक्क्यांची. दुप्पट इंजेक्टरला उघडं राहण्याचा वेळ निम्मा करायला हवा. कुठून शिकणार तो? आणि पूर्ण बूस्टवर बऱ्याच जुन्या ईसीयू सेन्सरकडे बघतच नाहीत, टेबलमधला आकडाच वापरतात.

फ्युएल प्रेशरवर फार लिहीत नाही. इंजेक्टरचा फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो: ३ बारचं ४ बार केलंत तर मिळतात जेमतेम १५ टक्के, आणि प्रेशर वाढलं की पंप तेवढं पेट्रोल देऊ शकत नाही. ज्याचे इंजेक्टर आधीच मोठे आहेत त्याने प्रेशर वाढवायचं कारणच काय, हे मेसेजमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

थ्रॉटलच्या स्क्रूचं मात्र नीट सांगायला हवं. केबलच्या थ्रॉटलवर तो स्क्रू फिरवला की थ्रॉटल सेन्सरचा शून्य हलतो. ईसीयूला वाटतं ॲक्सिलरेटरवर पाय आहे, त्यामुळे तो आयडल कंट्रोल सुरूच करत नाही. उतारावर पाय काढल्यावर पेट्रोल तोडायचं असतं, तेही तो करत नाही. मग आरपीएम कधी १,५०० वर अडकतो, कधी गाडी बंद पडते. मोठे कॅम असतील तर आयडल थोडं वर, ९५० किंवा १,००० ला ठेवावं लागतं आणि तेव्हा हा स्क्रू हलवावाही लागतो, हे मी नाकारत नाही. पण लगेच सेन्सरचा शून्य पुन्हा सेट करायचा असतो. मेसेजमधून नेमकी तीच ओळ गायब आहे.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं एका वाक्यात: गाडीत मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा थेट मोजणारा) असेल तर बाहेर सोडलेली हवा आधीच मोजलेली असते, तिच्या वाट्याचं पेट्रोल पडतं आणि पाय काढताच गाडी रिच होऊन बंद पडते. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्ड प्रेशर मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीला हा त्रास होत नाही, तिथे मेसेज बरोबर आहे.

भावाच्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलले, नवे प्लग घातले. डेड टाइमचा तक्ता पत्रकावरून भरला, आयडलच्या खान्यांतलं वाढवलेलं सगळं पेट्रोल काढलं, स्क्रू मागे घेऊन सेन्सरचा शून्य सेट केला. मॅनिफोल्ड प्रेशर ४६ किलोपास्कलवरून ३८ वर आलं आणि मीटर १४.२ वर थांबलं. पंखा लावला, हेडलाइट लावले, आरपीएम ९०० वरून हलला नाही. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) अजून बाकी आहे. भिंती किती धुतल्या गेल्या ते त्यात कळेल.