जुन्या फिल्म सोबत न्या

स्तनाच्या कर्करोगावरच्या लेखात 'उपचारानंतर वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) केली की झालं' असं म्हटलंय. वर्षातून एकदा हे ठीक, पण 'की झालं' काही पटलं नाही. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेल्या स्तनाचं चित्र पहिली दोन-तीन वर्षं बदलत असतं. व्रणाची जागा आक्रसते, पांढरी दिसते, आणि गाठही पांढरीच दिसते. फरक कळतो तो आधीच्या फिल्म शेजारी ठेवल्यावर. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

गाठ काढल्यानंतरच्या दुसऱ्या तपासणीला मी जुन्या फिल्म घरीच विसरले. तंत्रज्ञ बाईंनी व्रणावर बारीक तार चिकटवली, यंत्रात दाबून फोटो काढले (दुखतं, उगाच कशाला लपवायचं!) आणि रिपोर्टवर आलं 'बायरॅड्स ०' (बायरॅड्स म्हणजे तपासणीचा निकाल सांगणारी श्रेणी). शून्य म्हणजे काहीच नाही असं समजून मी खूश! घरी मुलीने वाचून सांगितलं, अगं, शून्य म्हणजे तपासणी अपुरी, अजून बघायला हवं. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी कपाटातला जुना लिफाफा नेला, सोनोग्राफी झाली आणि 'बायरॅड्स २' आलं, म्हणजे कर्करोग नाही. व्रणच होता तो. आता लिफाफा दाराजवळच्या खुंटीवर टांगलाय.