एवढ्यानं काय होतंय, ताई?

काल सुभाष रोडवर किराणा घ्यायला गेले होते. बिल झालं 388. मी चारशे दिले. दुकानदारानं दहाची नोट हातात दिली आणि दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या पुढं सरकवल्या. म्हणलं, "भाऊ, गोळ्या नकोत, दोन रुपये द्या." तर म्हणे, "सुट्टे नाहीत. दोन रुपयांनी काय होतंय, ताई?" मागं उभे असलेले लोक माझ्याकडंच बघायला लागले, जणू मीच सगळ्यांचा खोळंबा केला.

बाहेर येऊन दहाची कोथिंबिरीची जुडी घेतली आणि पर्समधलं दहाचं नाणं दिलं. मावशीनं ते उलटसुलट करून परत केलं. "चालत नाही बाई हे. नोट द्या."

त्या मावशीला मी दोष देणार नाही. तिनं घेतलं तर मोंढ्यात तिच्याकडून कोण घेणार? पण बघा ना, दुकानात सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या, आणि दहा पावलांवर सुट्टे आहेत तर ते चालत नाहीत. कुणीच नाणं घेत नाही म्हणून कुणाच्याच गल्ल्यात चिल्लर नाही. कुणी म्हणतं नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही, कुणी कडेच्या रेघा मोजतं, दहा का पंधरा. रिझर्व्ह बँकेनं 2018 च्या जानेवारीतच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे 14 वेगवेगळे नमुने आहेत आणि सगळे चालतात. ते पत्रक निघून इतकी वर्षं झाली. आमच्याकडं मात्र अफवाच चालते, नाणं नाही.

स्टँडवर पाण्याच्या बाटलीवर 20 छापलेलं असतं आणि मागतात 22. "थंड करायचे दोन." छापील किंमत सगळे कर धरून असते, त्याच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, हा कायदा आहे. ग्राहकांच्या तक्रारीसाठी 1915 हा नंबरही आहे. पण गाडी लागलेली असते, लेकरू तहानलेलं असतं, आणि ते समोरच्यालाही पक्कं माहीत असतं. कपड्याच्या मोठ्या दुकानात मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही, तोही तसलाच जाच. नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं 2023 मध्ये दुकानदारांना कळवलंय. मी आता "नंबर द्यायचा नाही" एवढंच म्हणते आणि उभी राहते. बिल निघतं.

आणि हेच "एवढ्यानं काय होतंय" घरी मॅच बघतानाही माझी पाठ सोडत नाही.

विकेट पडली की मला बाद झालेल्याचा चेहरा बघायचा असतो, बॉलर कुणाकडं धावत गेला ते बघायचं असतं. तेवढ्यात जाहिरात. परत येईपर्यंत नवा बॅट्समन गार्ड घेऊन तयार. 29 जून 2024 ची, टी-20 विश्वचषकाच्या फायनलची रात्र आठवा. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 हव्या होत्या. आम्ही मोबाईलवर बघत होतो, शेजारच्यांकडं डिश. आमच्या स्क्रीनवर पांड्या अजून रनअपच्या टोकाला उभा होता आणि भिंतीपलीकडून आरोळी आली. सूर्यकुमारचा तो झेल मी बघितला खरा, पण तो झेल आहे हे आधीच कळून. इंटरनेटवरचं चित्र छोट्या तुकड्यांत साठवत, पुढं ढकलत येतं, म्हणून मागं राहतं, हे मला कळतं. तरी त्या काही सेकंदांची हळहळ अजून जात नाही. असा झेल आयुष्यात किती वेळा बघायला मिळतो?

मी हे बोलले की घरातले म्हणतात, "जिंकलो ना? चार सेकंदांनी काय होतंय?"

अण्णा मात्र तसं म्हणत नाहीत. 6 ऑगस्ट 2022, शनिवारची दुपार. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस धावत होता. 28 अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. राष्ट्रकुलात 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. मी मोबाईलवर लावायला गेले तर आधी जाहिरात, मग नुसतं चाक फिरत राहिलं. चित्र आलं तेव्हा शेवटचा फेरा संपत आला होता. अविनाश 8 मिनिटं 11.20 सेकंदांत आला, रौप्य मिळालं. सोनं 11.15 वाल्याला. पाच शतांश सेकंदांचा फरक. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. दुष्काळी गावातलं पोरगं केनियावाल्यांच्या खांद्याला खांदा लावून धावलं, आणि त्याचे पहिले फेरे मी बघितलेच नाहीत. अण्णा त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "सुरुवातीपासून बघायला पाहिजे होतं गं."

जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 नं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातलीच. त्या संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात जुनी क्रिकेट मॅच चालू होती. "भाऊ, जरा खो-खो लावता का?" म्हणून विचारलं. "कोण बघतंय, ताई?" मी बघत होते ना! पैसे देऊन चहा घेतला होता, समोर उभी होते.

दहाची सात नाणी अजून घरात डब्यात पडून आहेत. उद्या परत त्याच दुकानात जाणार आहे, रिझर्व्ह बँकेचं ते पत्रक मोबाईलमध्ये काढून. तुमच्या गावात दहाचं नाणं चालतं का? गावाचं नाव टाकून खाली सांगा.