शर्ली : मुलग्यासाठी राखून ठेवलेले नाव

वसईच्या शाळेत आम्हांला इंग्रजी शिकवायला शर्ली टीचर होत्या. त्यांचा जन्म १९३८ सालचा. वडिलांनी मुंबईत हॉलिवूडची कुरळ्या केसांची बालतारका शर्ली टेम्पल हिचा चित्रपट पाहिला आणि मुलीचे नाव तिथेच ठरवले, हे त्या दरवर्षी नव्या वर्गाला न चुकता सांगत. हे नाव कधी काळी पुरुषांचे होते, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर सगळा वर्ग हसला असता.

शर्ली हे मुळात गावाचे नाव. जुन्या इंग्रजीतील ‘उजळ’ आणि ‘रानातील मोकळी जागा’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बहुधा बनले, आणि इंग्लंडमध्ये या नावाची अनेक ठिकाणे आहेत. शिरोड्यावरून शिरोडकर व्हावे तसे गावावरून आडनाव झाले. पाळण्यातल्या बाळाला ‘शिरोडकर’ असे नाव आपल्याकडे कोणी देणार नाही; तिकडे मात्र घराण्याचे आडनाव मुलग्याचे पहिले नाव म्हणून ठेवण्याची रीत होती.

ही रीत मोडली ती १८४९ साली, शार्लट ब्राँटेच्या ‘शर्ली’ या कादंबरीने. यॉर्कशरमधील गिरण्यांत यंत्रांची मोडतोड होत असतानाच्या काळातील या कथेत आईवडिलांना मुलगा हवा असतो, होते मुलगी, आणि मुलग्यासाठी राखून ठेवलेले नाव तिलाच दिले जाते. ही श्रीमंत, जमीनदार नायिका स्वतःला थट्टेने ‘कॅप्टन कीलदार’ म्हणवून घेते. मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते : पुरुषी नाव मुलीला देणारी ही लेखिका स्वतः त्या वेळी ‘करर बेल’ या, बाईचे की बुवाचे ते कळू नये अशा, टोपणनावाआड लिहीत होती.

या नावाच्या लोकप्रियतेचे सगळे श्रेय टेम्पलला देण्याची पद्धत आहे, आणि ती मला पटत नाही. १९२८ साली कॅलिफोर्नियात तिचा जन्म झाला तेव्हा अमेरिकेत हे नाव आधीच वर चढत होते. पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम हिचा जन्म १९२४ चा आहे. म्हणजे टेम्पलच्या आईने चलनातले नाव उचलले, आणि मुलीने त्याचा पूर आणला. १९३५ आणि १९३६ या दोन्ही वर्षी अमेरिकेतील नवजात मुलींच्या नावांत मेरीच्या खालोखाल शर्लीच होते. पण ज्या वेगाने ते चढले त्याच वेगाने ते एका पिढीला चिकटले. आपल्याकडे कुसुम किंवा शकुंतला म्हटले की वयाचा अंदाज येतो ना, तसेच त्या कुरळ्या केसांच्या मुलींबरोबर नावही आजी झाले.

मला खटकते ते मात्र निराळेच. मुलीला मुलग्याचे नाव दिले तर आईबाप धीट ठरतात, पण तेच नाव मुलींत रुळले की मुलग्यांच्या पालकांना त्याची लाज वाटू लागते. एव्हलिन, ॲशली, बेव्हर्ली यांचेही तेच झाले. आपल्याकडे किरण आणि सुहास दोन्हीकडे सुखाने नांदतात, ते इंग्रजीला फारसे जमलेले दिसत नाही. यॉर्कशरमध्येच १९३० साली जन्मलेल्या आणि ‘बिग डॅडी’ म्हणून गाजलेल्या अगडबंब कुस्तीगिराचे खरे नाव शर्ली क्रॅबट्री होते, आणि ते त्याला वडिलांकडून मिळाले होते. वॉशिंग्टनचे नामांकित क्रीडापत्रकार शर्ली पोविच यांना तर अमेरिकेतील कर्तबगार स्त्रियांच्या परिचयकोशातच जागा मिळाली. संपादकांनी केवळ नाव वाचले होते.