‘कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’

कोर्टाच्या व्हरांड्यात हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येकाला मला एकदा समोर बसवून विचारायचंय, मोकळा म्हणजे नक्की कशातून हो? मी आठशे रुपये भरले, पावती खिशात घातली, घरी येऊन जेवलो आणि त्या दिवसापासून कायद्याच्या भाषेत दोषसिद्ध गुन्हेगार झालो. मला हे कळलं दीड वर्षाने. सैन्यभरतीच्या ग्राउंडवर, कागदपत्रांच्या टेबलासमोर उभा असताना.

झालं काय ते आधी सांगतो, म्हणजे कोणी उगाच कल्पना लढवायला नको. डिसेंबर 2022. शेजारच्या वाडीच्या टीमबरोबर क्रिकेटची फायनल. रनआउटवरून बाचाबाची झाली, मॅच संपली तरी ती धुमसत राहिली. ते परत निघाले तेव्हा आम्ही तिघांनी त्यांची मोटारसायकल रस्त्यात अडवली. शिवीगाळ झाली. मी एकाच्या कानाखाली मारली, त्याचा ओठ फुटला. मी मारलं. हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पोलिसांत तक्रार झाली आणि भारतीय दंड संहितेची कलमं लागली 341, 323, 504 आणि 34. म्हणजे रस्ता अडवणं, साधी मारहाण, चिथावणी देईल अशी शिवीगाळ, आणि हे सगळं मिळून केलं म्हणून 34. ना हत्यार, ना चोरी, ना फ्रॅक्चर.

तेव्हा माझं वय होतं अठरा वर्षं दोन महिने. हे दोन महिने मला अजून झोपू देत नाहीत. हीच मॅच त्या वर्षी सप्टेंबरमध्ये झाली असती तर मी कायद्याने बालक ठरलो असतो. 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 24 सरळ सांगतं की असल्या प्रकरणात बालक दोषी ठरला तरी त्याला पुढे कसलीही अपात्रता लागत नाही. साठ दिवसांनी माझ्यात असा काय बदल झाला होता? तोच मी, तीच बॅट, तेच डोकं.

पुढच्या वर्षी तारखा सुरू झाल्या. आबा प्रत्येक तारखेला कामावरचा खाडा करून सोबत यायचे. सकाळी साडेदहाला जायचं, भिंतीला टेकून उभं राहायचं, आणि दुपारी तीनला कोणीतरी येऊन सांगणार, पुढची तारीख घ्या. चौथ्या खेपेला लोकअदालतीचा दिवस होता. वकीलसाहेब (तीन हजार आधीच घेतलेले) लगबगीने आले आणि आबांना म्हणाले, ‘पोराला कबूल करायला सांगा, शे-पाचशे दंड होईल, आजच मोकळे व्हाल. नाहीतर पाच वर्षं फेऱ्या मारा.’ आबांना पाच वर्षांचे खाडे दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आत सगळं मिळून चार मिनिटं लागली. गुन्हा कबूल आहे का? हो. दबाव आहे का? नाही. कायदा म्हणतो की आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. माझे शब्द कुठले होते त्यात? माझ्या आधीच्या दहा जणांनी जे म्हटलं तेच मी म्हटलं, कारण बाहेर तेच पाठ करून घेतलं होतं. माझे शब्द विचारले असते तर मी म्हणालो असतो, ‘साहेब, मारलं हे खरं, पण मला फौजेत जायचंय, त्याचं काय होईल ते आधी सांगा.’

मी पहिल्याच दिवशी वकिलांना सांगितलं होतं की मी भरतीची तयारी करतोय. त्यांच्या टेबलासमोर बसून सांगितलं होतं. तरीही!

आणि आता जे सांगतो त्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. 341, 323 आणि 504 ही तिन्ही कलमं तडजोडीची आहेत. तक्रारदाराने कोर्टात सांगितलं की आमचं मिटलंय, तर केस तिथेच संपते, आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. दंडसंहितेच्या पोटातलं गुपित नाही हे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये तक्ता करून दिलं होतं. लोकअदालत असते कशासाठी? तडजोडीसाठीच ना? त्याच दिवशी, त्याच इमारतीत तडजोड होऊ शकत होती आणि मला मात्र शिक्षेच्या रांगेत उभं केलं.

ज्याला मी मारलं तो पोरगा आता माझ्यासोबत सकाळी पळायला येतो. मॅचनंतर चार महिन्यांतच आमचं मिटलं होतं. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘अरे, मला एक फोन करायचास. मी त्याच दिवशी येऊन सही केली असती.’ एक फोन! तोही मला कोणी सुचवला नाही.

बरं, तडजोड राहू दे. 1958 पासून आपल्याकडे अपराधी परिविक्षा कायदा आहे. पहिलाच गुन्हा आणि किरकोळ असेल तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. त्याच कायद्याचं कलम 12 म्हणतं की असं सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून हे पुस्तकात आहे. एक अर्ज करायचा होता. तो केला नाही, कारण दंड भरणं सगळ्यांना सोपं पडतं. वकिलाची फाईल बंद होते, कोर्टाची एक केस कमी होते, पोलिसांच्या कागदावर शिक्षा लागल्याची नोंद होते. ज्याचं आयुष्य आहे तो एकटाच त्या दिवशी काही तरी गमावतो, आणि त्यालाच ते माहीत नसतं.

2024 ला अग्निवीरची ऑनलाइन परीक्षा पास झालो. अडीच वर्षं पहाटे साडेचारला उठत होतो. ग्राउंडवर 1600 मीटर 5 मिनिटं 21 सेकंदांत काढलं. साडेपाच मिनिटांच्या आत आलं की साठपैकी साठ. बीम (पुलअप्स) दहा मारले, चाळीसपैकी चाळीस. नऊ फुटी खड्डा, झिगझॅग, सगळं झालं. श्वास अजून खाली बसला नव्हता आणि मला वाटत होतं, झालं आता, पोचलो.

मग कागदपत्रं. मार्कशीट, डोमिसाईल, सरपंचांचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी. त्या कागदावर ‘सदर इसमाविरुद्ध’ असं सुरू होऊन खाली कलमं, केस नंबर आणि ‘दोषसिद्धी, दंड’ असं लिहिलेलं. टेबलामागच्या सुभेदारसाहेबांनी कागद दोनदा वाचला. आवाज चढवला नाही, हे मुद्दाम सांगतो. म्हणाले, ‘बेटा, रनिंग छान काढलंस. पण हे असं चालत नाही.’ आणि फाईल माझ्याकडे सरकवली. मागचा पोरगा पुढे आला. मी बाजूला होऊन तिथेच उभा राहिलो, कारण कुठे जायचं ते सुचेना.

फौजेवर माझा राग नाही. ज्याच्या हातात बंदूक द्यायची त्याची पाळंमुळं तपासलीच पाहिजेत. माझा राग आहे तो तपासणाऱ्याला फक्त ‘दोषसिद्धी’ हा एक शब्द दिसतो याचा. आठशे रुपये दंडवाला आणि चाकू मारणारा, दोघांच्या दाखल्यावर तोच शब्द.

गावात सल्ले देणाऱ्यांची तर रांग लागली. ‘लिहायचंच नाही रे’, ‘दुसऱ्या पत्त्यावरून दाखला काढायचा’, ‘अमक्याने लपवलं, आज फौजेत नायक आहे.’ अरे, देशाची शपथ घ्यायला जायचं आणि पहिल्याच फॉर्मवर खोटं लिहायचं? आणि सापडलो की नोकरीही जाणार आणि खोटी माहिती दिल्याचा डागही लागणार. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे यावर सविस्तर निकाल दिलाय. लहान वयातल्या क्षुल्लक प्रकरणाकडे दुर्लक्ष करायची मुभा नोकरी देणाऱ्याला आहे. पण खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच हवी, अशी सक्ती त्याच्यावर नाही. म्हणजे मुभा आहे, हक्क नाही. मुभा वापरायची कोणी? शेकडो पोरं रांगेत असताना माझ्या कागदावर थांबून विचार करायला कोणाकडे वेळ आहे?

2011 मध्ये त्याच न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल देताना म्हटलं होतं की तरुण वयात पोरांच्या हातून चुका होतात, त्यासाठी त्यांना आयुष्यभर गुन्हेगार ठरवू नये. मी तो निकाल वाचून हुरळलो होतो. नीट वाचल्यावर कळलं, त्याच्या केसमध्ये तडजोड झाली होती, तो निर्दोष सुटला होता. फिरून परत त्याच व्हरांड्यात आलो.

अपील करू म्हटलं, तर त्याच प्रक्रिया संहितेचं कलम 375 आडवं आलं. कबुलीवरून शिक्षा झाली असेल तर दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावर भांडता येतं. दुसऱ्या वकिलांनी हायकोर्टाचा रस्ता सांगितला आणि खर्चाचा आकडाही सांगितला. आबांना मी तो आकडा अजून सांगितलेला नाही. आणि रस्ता उघडेपर्यंत माझं वय थांबणार आहे का?

निवडणूक लढवायला मात्र ही शिक्षा मला अपात्र ठरवत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात काही ठरावीक गुन्हे सोडले तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच अपात्रता येते. कायदे करायला माझा दंड आड येत नाही, सीमेवर उभं राहायला येतो. ब्रिटनमध्ये 1974 पासून कायदा आहे, ठरावीक काळ नीट वागलं की जुनी शिक्षा ‘सरलेली’ मानतात. साध्या दंडाला तिथे आता बारा महिने लागतात. आपल्याकडे सज्ञान माणसाच्या किरकोळ शिक्षेला असा शेवटच नाही.

आमच्या ग्राउंडवर एक एकोणीस वर्षांचा पोरगा येतो. रनिंग माझ्यापेक्षा भारी. गेल्या आठवड्यात सहज बोलता बोलता म्हणाला, ‘दादा, यात्रेतल्या भांडणाची केस आहे, वकील म्हणतात कबूल कर, मोकळा हो.’ मी पळता पळता थांबलो. कलमं विचारली. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेची 126, 115 आणि 352. आकडे बदललेत, बाकी माझीच केस, आणि तीही तडजोडीचीच. त्याला तिथेच कट्ट्यावर बसवून तक्रारदाराचं नाव विचारलं. रविवारी आम्ही दोघं त्याच्या घरी जाणार आहोत. तारीख पुढच्या गुरुवारी आहे, आणि त्या दिवशी व्हरांड्यात त्याच्या शेजारी मी उभा असणार आहे.