सतीश शहांना नुसतं ‘विनोदी नट’ म्हणून मोकळं होऊ नका

सतीश शहा २५ ऑक्टोबर २०२५ला गेले, तेव्हा लोकांनी आठवण काढली ती मुख्यतः दोन कामांची. ‘जाने भी दो यारों’ सिनेमातलं प्रेत आणि ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ मालिकेतला इंद्रवदन. दोन्ही थोरच. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात अवघड काम या दोन्हींच्या मधलं आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

१९८४, दूरदर्शन, ‘ये जो है जिंदगी’. लेखक शरद जोशी (हिंदीतले व्यंगकार, आपले शेतकरी नेते नव्हेत). नवरा-बायको झालेले आपल्या कोकणातले शफी इनामदार आणि स्वरूप संपत, शिवाय राकेश बेदी, ही घरातली माणसं ठरलेली. ठरलेला नव्हता तो सतीश शहांचा माणूस. दर भागात वेगळा! अशी पन्नासहून जास्त माणसं त्यांनी एकाच मालिकेत उभी केली. ‘थर्टी इयर्स का एक्सपीरियन्स’ हे वाक्य आजही कुणीतरी म्हणून दाखवतंच.

हे अवघड का, तर मालिकेतला हशा ओळखीवर पिकतो. याच मालिकेत टिकू तलसानियांनी ‘ये क्या हो रहा है’ म्हणण्याआधीच प्रेक्षक हसायच्या तयारीत असायचे. शहांना ती सोयच नव्हती. दर आठवड्याला परका माणूस होऊन दारात उभं राहायचं, चालीवरून, आवाजावरून, बोलायच्या ढबीवरून दोन मिनिटांत ओळख पटवायची, हसवायचं आणि निघून जायचं. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. एवढं करूनही गोष्ट त्या नवरा-बायकोचीच राहिली पाहिजे. मोठमोठ्या नटांना हे पेलत नाही, ते आले की प्रसंग त्यांचा होऊन बसतो.

त्याच्या आदल्याच वर्षी याच माणसाने कुंदन शहांच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये प्रेत होऊन, एक शब्द न बोलता, महाभारताच्या नाटकात भर रंगमंचावर द्रौपदी म्हणून हशा वसूल केला होता. एकीकडे चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, दुसरीकडे दर आठवड्याला माणूसच बदलायचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेला हा नट होता. आपण मात्र ‘काय धमाल माणूस!’ म्हणून पुढे जातो. पडद्यावर कुणी रडलं की तो अभिनय, हसवलं की तो स्वभाव, हा हिशोब मला अजिबात मान्य नाही.

‘साराभाई’ २००४मध्ये स्टार वनवर आली तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. सुरुवातीला तिला मोठा प्रेक्षक मिळाला नाही, लोकांनी ती डोक्यावर घेतली नंतर, पुनःप्रक्षेपणांतून. रत्ना पाठक शहांबरोबर त्यांनी त्याआधी ‘फिल्मी चक्कर’ केली होती, त्यामुळे माया-इंद्रवदन या नवरा-बायकोची जुगलबंदी मुरलेली. पण मला त्यांच्या टोमण्यांपेक्षा त्यांचं ऐकणं आवडतं. इंद्रवदन मायाची आणि कवी मुलगा रोसेशची खोड काढतो, तरी दुष्ट वाटत नाही, कारण समोरच्याचं बोलणं तो अगदी मन लावून ऐकतो. टोमणा तोंडातून बाहेर पडण्याआधी डोळ्यांत दिसतो. रोसेशची कविता हास्यास्पद आहे खरी, पण ती दुप्पट फुलते ती बापाच्या चेहऱ्यावर. वाक्य रोसेश झालेल्या राजेश कुमारचं, त्याला उठाव देणारे शहा.

पुन्हा ‘साराभाई’ लावाल तेव्हा एक करा. रोसेशची कविता सुरू झाली की टीव्हीचा आवाज बंद करा आणि फक्त इंद्रवदनकडे बघा.